विश्लेषण : बर्ड फ्लूच्या विषाणूत ‘ध’चा ‘मा’ होतो तेव्हा...

कोंबड्यांचा आजार वाघापर्यंत कसा पोहोचतो? सौम्य विषाणू दोन दिवसांत अख्खी शेड रिकामी करणारा कसा बनतो? आणि हे बदल थांबवता येत नसतील, तर आपल्या हातात नेमके काय उरते?

नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा अहवाल जानेवारीत आला आणि त्यात मृत्यूचे कारण होते एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीरमध्ये कावळे पटापट मरून पडू लागले. तिथेही हाच विषाणू सापडला.

कोंबडी, कावळा, वाघ हे तीन अगदी वेगळे प्राणी आहेत. त्यांच्या शरीराचे तापमान, पेशी आणि श्वसनसंस्था यांत मोठा फरक आहे. तरीही एकच विषाणू तिघांनाही मारू शकतो. हे समजून घ्यायचे तर विषाणूच्या जनुकांत काय घडते, हे पाहावे लागेल.

विषाणूत बदल होतो म्हणजे नेमके काय होते?

बर्ड फ्लूचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या आवरणात गुंडाळलेली एक छोटी सूचनापुस्तिका. ही पुस्तिका ‘आरएनए’ या रेणूच्या भाषेत लिहिलेली असते. तिची सुटी आठ पाने असतात आणि सगळी मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरे. तुलनेसाठी सांगायचे तर माणसाच्या जनुकसंचात तीन अब्जांहून अधिक अक्षरे असतात.

विषाणू पेशीत शिरला की तिथली यंत्रणा वापरून या पुस्तिकेच्या हजारो प्रती काढतो. आपल्या पेशी स्वतःच्या डीएनएची नक्कल करताना चुका तपासतात आणि दुरुस्तही करतात. फ्लूच्या विषाणूकडे अशी तपासनीस यंत्रणा नाही. त्यामुळे ढोबळमानाने जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादे अक्षर चुकते.

एका अक्षराने काय फरक पडतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा हुकूम होता, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती किती खरी यावर वाद असेल, पण विषाणूच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ रोज होतो.

मात्र यातल्या बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. एखादे प्रथिन नीट बनत नाही आणि ती प्रत तिथेच संपते. काही चुकांनी काहीच बिघडत नाही. अगदी थोड्या चुका विषाणूच्या फायद्याच्या ठरतात.

आता एक साधे गणित करू. साडेतेरा हजार अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर उरलेल्या तीन अक्षरांपैकी एकात बदलू शकते. म्हणजे एका अक्षराचे शक्य असलेले सगळे बदल मिळून सुमारे चाळीस हजार. एका आजारी कोंबडीच्या शरीरात मात्र विषाणूच्या अब्जावधी प्रती तयार होतात. थोडक्यात, असा एखादा धोकादायक बदल ‘होईल का’ हा प्रश्नच नाही. तो कुठल्या ना कुठल्या कोंबडीत होऊनही गेलेला असतो. तो बदल घेतलेल्या विषाणूला पुढची कोंबडी मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

सौम्य विषाणू जीवघेणा कसा बनतो?

रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे अनेक प्रकार पूर्वापार नांदत आले आहेत. बदकाला त्यांचा फारसा त्रास होत नाही. असा सौम्य विषाणू कोंबड्यांत आला तर पक्षी थोडे सुस्तावतात, अंडी कमी देतात. अनेकदा ‘हवामान बदलले’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

कळीची जागा असते विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात. ‘एच५एन१’मधला ‘एच’ तो हाच. हे प्रथिन आधी अखंड तयार होते आणि एका ठरावीक जागी कापले गेल्याशिवाय विषाणूला नव्या पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूंमध्ये ही जागा कापू शकणारी विकरे फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात असतात. त्यामुळे संसर्गही तेवढ्यापुरता राहतो.

काही वेळा याच जागी लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांची रांग तयार होते. ही रांग कापणारे ‘फ्युरिन’ नावाचे विकर शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत असते. मग विषाणूला कुठलेच दार बंद राहत नाही. तो मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड असा सगळीकडे पोहोचतो. तुरा निळसर पडतो, डोके सुजते आणि अनेकदा ४८ तासांत जवळपास सगळी शेड संपते.

निसर्गात हा उलटफेर प्रामुख्याने एच५ आणि एच७ या दोनच गटांत दिसतो. तोही बहुधा रानबदकांत नव्हे, तर कोंबड्या आणि टर्की यांच्यात. हजारो एकसारखे पक्षी एका छपराखाली असले की विषाणूला प्रत्येक वेळी पुढचा पक्षी हाताशी मिळतो.

याचे उदाहरण आहे का?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एप्रिल १९८३ मध्ये कोंबड्यांत एच५एन२ हा विषाणू आढळला. आजार सौम्य होता, मरतूक कमी होती. तो तसाच पसरत राहिला. सहा महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याच भागातील शेडमध्ये ८० टक्क्यांहून अधिक पक्षी मरू लागले.

शास्त्रज्ञांनी दोन्ही वेळचे विषाणू ताडून पाहिले. हिमॅग्लुटिनिनच्या कापण्याच्या जागेची रचना आधीपासूनच धोकादायक होती, पण तिच्यावर साखरेच्या रेणूचे जणू झाकण होते. एका बदलाने ते झाकण निघाले. त्या साथीत अमेरिकेला सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले.

म्हणजे विषाणू सौम्य असताना सहा महिने मिळाले होते, पण त्या काळात तो पसरत राहिला.

विषाणू दुसऱ्याची पाने उचलतो, ते कसे?

एकेका अक्षराची चूक हा बदलाचा संथ मार्ग. दुसरा मार्ग झटपट आहे. एकाच पक्ष्याच्या एकाच पेशीत फ्लूचे दोन वेगवेगळे विषाणू शिरले, तर त्यांची आठ-आठ पाने एकमेकांत मिसळतात. दोन पत्त्यांचे जोड एकत्र पिसावेत तसे. प्रत्येक पान दोघांपैकी कुणाचेही असू शकते, म्हणून एकूण २५६ वेगवेगळे संच शक्य होतात.

आज जगभर धुमाकूळ घालणाऱ्या एच५एन१चा वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका हंसात सापडलेल्या विषाणूपर्यंत जातो. त्याने इतर पक्षीविषाणूंची पाने घेतली आणि १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये थेट माणसांना गाठले. १८ जणांना लागण झाली, त्यांतील सहा जण दगावले. हाँगकाँगने काही दिवसांत शहरातील दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या आणि तो उद्रेक थांबला.

वंश मात्र संपला नाही. त्याच्या शाखा-उपशाखा होत गेल्या. त्यातील ‘२.३.४.४बी’ ही शाखा स्थलांतरित पक्ष्यांत चांगलीच रुळली. २०२१ च्या अखेरीस ती उत्तर अमेरिकेत पोहोचली, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २०२४ पर्यंत अंटार्क्टिकातही.

हे फक्त बर्ड फ्लूमध्येच होते का?

नाही. आपल्याकडे गावोगावी ‘मानमोडी’ म्हणून ओळखला जाणारा आजार म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातील राणीखेत गावावरून भारतात हे नाव पडले. परदेशात त्यालाच न्यूकॅसल म्हणतात. तो वेगळ्या कुळातला विषाणू आहे, पण युक्ती तीच. त्याचेही एक प्रथिन कापले जावे लागते आणि कापण्याची जागा बदलली की सौम्य विषाणू मारक होतो.

पोल्ट्रीवाल्यांच्या रोजच्या वापरातली ‘लासोटा’ लस म्हणजे याच विषाणूचा सौम्य, जिवंत प्रकार. जो विषाणू पिल्लांना वाचवतो आणि जो मान मोडतो, त्यांतला महत्त्वाचा फरक मोजक्या अक्षरांचा. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून सिडनीच्या परिसरात राणीखेतची तीव्र साथ आली, तेव्हा तो विषाणू बाहेरून आलेला नव्हता. तिथल्याच सौम्य विषाणूत बदल होऊन तो तयार झाल्याचे जनुकीय तपासणीत दिसले.

जास्त घातक म्हणजे जास्त पसरणारा का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. आजाराची तीव्रता आणि प्रसाराचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन दिवसांत मरणारी कोंबडी लगेच लक्षात येते. उलट, लक्षणे न दाखवणारे बदक विषाणू बाहेर टाकत शेकडो किलोमीटर उडू शकते. सौम्य संसर्ग झालेला लॉट गाडीत भरून बाजारात जातो आणि कुणाला शंकाही येत नाही.

शिवाय कोंबडीसाठी सौम्य म्हणजे माणसासाठी सौम्य, असेही नाही. चीनमध्ये २०१३ मध्ये आढळलेल्या एच७एन९ने कोंबड्यांना जवळपास काहीच होत नव्हते. त्यामुळे तो जिवंत कोंबड्यांच्या बाजारांतून गुपचूप पसरला. दीड हजारांहून अधिक माणसांना लागण झाली आणि त्यातील सुमारे ३९ टक्के दगावली. पुढे २०१७ मध्ये याच विषाणूत कापण्याच्या जागी बदल झाला आणि तो कोंबड्यांनाही मारू लागला.

माणसात शिरण्यासाठी विषाणूला काय बदलावे लागते?

किमान दोन मोठे अडथळे पार करावे लागतात.

पहिला अडथळा शिरकावाचा. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची कुलपे असतात. पक्ष्यांतले कुलूप आणि माणसाच्या नाका-घशातले कुलूप यांची घडण वेगळी असते. पक्षीविषाणूची किल्ली आपल्या नाकात सहसा नीट बसत नाही. अमेरिकेतील गायींमध्ये सापडलेल्या एच५एन१च्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ क्रमांकाच्या जागी एकच बदल केला, तर ते माणसाच्या कुलपाला चिकटू लागते, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हा प्रयोग फक्त प्रथिनावर होता, जिवंत विषाणूवर नव्हे. पण अंतर किती कमी आहे, याची त्याने कल्पना दिली.

दुसरा अडथळा आत शिरल्यानंतरचा. कोंबडीचे शरीर साधारण ४१ अंश सेल्सियस गरम असते, तर आपल्या नाकात तापमान ३३ अंशांच्या आसपास. पक्ष्याच्या पेशीला सरावलेले विषाणूचे नक्कलयंत्र इथे मंदावते. ‘पीबी२’ या प्रथिनातील ६२७ क्रमांकाच्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन आले, तर सस्तन प्राण्यांच्या पेशीत हे यंत्र पुन्हा वेग पकडते.

या बदलाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. भारतात पोल्ट्रीमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. तो विषाणू २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरात हजारो रानपक्षी मारणाऱ्या शाखेचा होता. या शाखेने ६२७ चा हा बदल अंगी घेतलेला होता. तरीही नवापुरात माणसांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. म्हणजे एक अडथळा पार करून भागत नाही, विषाणूला अनेक बदल एकत्र जमवावे लागतात.

म्हणूनच आज घाबरण्यापेक्षा लक्ष ठेवण्याची गरज अधिक आहे. २००३ पासून जगात एच५एन१ची लागण झालेल्या माणसांची नोंद नऊशेहून अधिक आहे आणि त्यातील जवळपास निम्मे दगावले. भारतातही २०२१ मध्ये हरियाणातील आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका बालकाचा मृत्यू झाला. पण माणसाकडून माणसाकडे सलग पसरत जाण्याची क्षमता या विषाणूने अजून मिळवलेली नाही.

काळजीचे कारण वेगळे आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला. तिथून मांजरे आणि गोठ्यात काम करणारे मजूर बाधित झाले. टेक्सासमधील एका मजुराकडून मिळालेल्या विषाणूत ६२७ चा तोच बदल होता. सस्तन प्राण्यांत विषाणू जितका जास्त फिरेल, तितका त्याचा त्यांच्या शरीरात टिकण्याचा सराव वाढत जातो. गोरेवाड्याच्या वाघांची बातमी म्हणूनच केवळ वन्यजीवांची बातमी नव्हती.

मग हे बदल थांबवता येतील का?

बदल थांबवता येत नाहीत. विषाणूला मिळणारी संधी कमी करता येते. पक्षी सामूहिकरीत्या नष्ट करण्यामागचा तर्क हाच आहे. केंद्राच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटर परिघातील पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. निरोगी दिसणारी कोंबडी का मारायची, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे. उत्तर एवढेच की, ती विषाणूची पुढची छपाईची जागा असते.

पण इथे एक व्यावहारिक पेच आहे. नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आजाराने आधीच मेलेल्या पक्ष्यांची नाही. शिवाय पिल्ले, खाद्य, वीज, कर्जाचा हप्ता यांचा हिशेब भरपाईत पूर्ण बसत नाही आणि नंतर अनेक आठवडे शेड रिकामी ठेवावी लागते. त्यामुळे मरतूक सुरू झाल्यावर ‘आधी उरलेला लॉट विकून टाकू’ असा मोह होतो. विषाणूला नेमके तेच हवे असते, कारण गाडीतून तो दुसऱ्या तालुक्यात जातो.

कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांबाबतचा केंद्राचा २००९ चा कायदा पशुपालकावर ही जबाबदारी टाकतो. पण कायद्यापेक्षा वेळेवर आणि पुरेशी भरपाई अधिक परिणामकारक ठरते. पहिल्याच दिवशी कळवणाऱ्याचे नुकसान कमी झाले, तर दुसराही कळवेल. पैसे महिनोन्महिने अडकले, तर पुढच्या वेळी आजाराची बातमी शेडच्या बाहेर येणार नाही आणि जनुकीय तपासणीसाठी नमुनेही उशिरा मिळतील.

लस का देत नाहीत?

लस देणारे देश आहेत. चीनने सप्टेंबर २०१७ मध्ये एच७ विरोधी लसीकरण सुरू केले आणि माणसांमधील एच७एन९चे रुग्ण जवळपास नाहीसे झाले. फ्रान्स ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देत आहे. भारतात सौम्य एच९एन२ साठी भोपाळच्या संस्थेने लस विकसित केली आहे. जीवघेण्या प्रकारासाठी मात्र आपले धोरण आजवर पक्षी नष्ट करण्याचेच राहिले आहे.

लसीची दुसरी बाजूही आहे. लस आजार रोखते, पण संसर्ग पूर्ण रोखेलच असे नाही. मॅरेक्स या कोंबड्यांच्या दुसऱ्या आजारात असेच घडते. लसवंत कोंबडी जगते, पण विषाणू बाहेर टाकत राहते. त्यामुळे एरवी पक्ष्याबरोबरच संपले असते असे अतिघातक प्रकारही पसरू शकतात, हे २०१५ मधील संशोधनाने दाखवले. शिवाय विषाणू बदलत जातो, तशी लसही बदलावी लागते. म्हणून लस द्यायची तर सोबत कडक निगराणी आणि सतत जनुकीय तपासणी हवी. शिवाय लसीकरण करणाऱ्या देशाचा माल घेण्यास काही देश नकार देतात, हा व्यापाराचा प्रश्न वेगळाच.

चिकन-अंडी खावीत का?

हो, पण नीट शिजवून. ७० अंश सेल्सियस तापमानाला हा विषाणू टिकत नाही आणि आपली रस्सा-भाजी त्याहून कितीतरी जास्त तापमानाला उकळते. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत. अर्धकच्ची अंडी टाळावीत. मेलेली किंवा आजारी कोंबडी स्वस्तात मिळाली, तरी कापू नये, खाऊ नये आणि कुत्र्या-मांजरांनाही घालू नये.

पोल्ट्रीचालकांनी काय करावे?

शेडला जाळी लावून रानपक्षी आणि कावळ्यांना रोखावे. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. बाहेरची गाडी, खाद्याची पोती आणि अंड्यांचे ट्रे थेट आत येऊ देऊ नयेत. शेडसाठी वेगळी चप्पल ठेवावी आणि दारात जंतुनाशकाचे पाणी. परसातील गावठी कोंबड्या आणि बदके मोठ्या शेडजवळ एकत्र फिरू देऊ नयेत. अंडी अचानक घटली किंवा रोजच्यापेक्षा जास्त पक्षी मेले, तर मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे.

नवापूरने २००६ नंतर फेब्रुवारी २०२१ मध्येही हा आजार पाहिला. विषाणूतील कुठले अक्षर कधी बदलेल, हे कुणाच्याच हातात नाही. पण मरतूक सुरू झाल्यापासून दवाखान्यात फोन जाईपर्यंत किती तास गेले, हे मोजता येते आणि कमीही करता येते. पेनसिल्व्हेनियात सौम्य विषाणू सापडल्यापासून तो जीवघेणा होईपर्यंत सहा महिने मिळाले होते.